वातीऐवजी पाच मीटर तार

दिवाळीत बाण उडवताना आपण तो रिकाम्या बाटलीत उभा करतो, वातीला उदबत्ती टेकवतो आणि मागे पळतो. हात आणि दारू यांच्यामधले अंतर म्हणजे ती बोटभर वात. ती भसकन जळली, बाटली कलंडली किंवा ऐन वेळी वाऱ्याचा झोत आला, की पुढचे काहीच आपल्या हातात उरत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या मॉडेल रॉकेट क्लबच्या उड्डाणाच्या दिवशी हीच काळी दारू, अंगठ्याएवढ्या कागदी नळीत, म्हणजे मोटरीत, ठासलेली, सकाळपासून दुपारपर्यंत कितीतरी वेळा पेटते आणि पेटवणाऱ्यांत शाळकरी मुलांचा मोठा भरणा असतो. तिथे वात नसते. रॉकेटपासून निदान पाच मीटर तार ओढलेली असते, तिच्या टोकाला बटनाची डबी असते आणि डबीत एक किल्ली. किल्ली घातल्याशिवाय बटन कितीही दाबले तरी काही होत नाही. या छंदाबद्दल लिहिताना लोक उंची, वेग आणि धूर यांचे वर्णन करतात. माझ्या मते त्याचे मर्म त्या तारेत आणि किल्लीत आहे. शिस्तीने या खेळातली मजा कमी केली असे वरवर पाहता वाटेल. प्रत्यक्षात त्या शिस्तीमुळेच आग मुलांच्या हाती देणे शक्य झाले.

हा छंद जन्मला फटाक्यांच्याच घरात. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाईल यांचे बुटांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूचा त्यांना नाद होता. त्यांचे भाऊ रॉबर्ट मॉडेल विमाने करत. दोघांच्या नादांची गाठ पडली आणि १९५४ मध्ये कागदी नळी, हलक्या बाल्सा लाकडाचे पंख आणि पोटात घडी घातलेले पॅराशूट असे रॉकेट तयार झाले. त्याचे नाव ‘रॉक-अ-शूट’. फटाक्यातला बाण एकदा गेला की गेला. हे रॉकेट परत यायचे, नळीत नवी मोटर घातली की पुन्हा उडायचे. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या चाचणी केंद्रात जी. हॅरी स्टाइन सुरक्षिततेचे काम पाहत होते. घरच्या घरी रॉकेट करू पाहणाऱ्या मुलांच्या अपघातांनी ते अस्वस्थ होते आणि त्याबद्दल त्यांनी मासिकात लिहिले होते. ते वाचून १९५७ च्या सुरुवातीला कार्लाईल यांनी त्यांना पत्र लिहिले आणि आपली रॉकेटे पाठवली. स्टाइन यांनी ती उडवून पाहिली आणि त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये कंपनी काढली, शिवाय छंदिष्टांची राष्ट्रीय संघटनाही उभी केली. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेतल्या मुलांना रॉकेटचे वेड लागले. काड्यापेटीतल्या काड्यांचे गूल खरवडून, जस्ताची पूड आणि गंधक मिसळून, लोखंडी नळीत ठासून मुले ते अंगणात पेटवू लागली. अशा नळीत दाब कोंडला की ती रॉकेट राहत नाही, बाँब होते. बोटे तुटली, डोळे गेले, काही मुले जिवानिशी गेली.

यावर सरकारला बंदीचा मार्ग होता आणि काही ठिकाणी तो धरलाही गेला. स्टाइन आणि त्यांच्या सोबत्यांनी वेगळी वाट काढली. रॉकेट बनवण्यातले एकच काम त्यांनी मुलांच्या हातून काढून घेतले, दारू कालवून ठासण्याचे. बाकी सगळे मुलांकडे ठेवले. पण मग मोटरी करायच्या कोणी? डेन्व्हरमध्येच फटाक्यांच्या धंद्यातल्या घरातले व्हर्नन एस्टेस होते. त्यांनी एक यंत्र बांधले, त्याला ‘मेबल’ म्हणत. ते दर साडेपाच सेकंदांना एक मोटर ठासून बाहेर टाकायचे. माणसाच्या हाताचा दाब दर वेळी निराळा पडतो, यंत्राचा पडत नाही; म्हणून एक मोटर दुसरीसारखी निघू लागली. या एकसारखेपणाला मी छंदाचा खरा पाया मानतो, कारण त्यामुळे मोटरीवर आकडा छापता आला. ‘सी६-५’ एवढे वाचले की जाणत्या मुलाला सगळे कळते. अक्षर एकूण रेट्याचे: सी म्हणजे जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद, बी त्याच्या निम्मे, ए बीच्या निम्मे. पहिला आकडा सरासरी जोराचा, ६ न्यूटन. दुसरा आकडा थांबण्याचा, ५ सेकंद. नळीच्या बुडाला मातीचे तोंड, त्यावर जोर देणारी दारू, त्यावर हळू जळणारा थर, सर्वांत वर चिमूटभर मोकळी दारू. दारू जळून संपली तरी रॉकेट वेगाच्या भरात वर जातच राहते. तेवढ्या वेळात तो मधला थर धूर सोडत जळतो आणि रॉकेट शिखरावर पोचले की वरची चिमूट पेटून रॉकेटच्या टोकाचे नाकाडे ढकलते, पॅराशूट बाहेर येते.

उड्डाणाचा दिवस हा मोटरीवरच्या या आकड्यांभोवती बांधलेला असतो. जागा बहुधा पीक निघालेले शेत, हिरवळ पिकवणाऱ्यांचे सपाट रान किंवा पश्चिमेकडे सुकलेल्या तळ्याचा तळ. सकाळी दोऱ्या बांधून रेषा आखली जाते. तिच्या पुढे रॉकेट ज्यांवरून वर सरकते त्या उड्डाणाच्या दांड्या, मागे माणसे. मुलगा रॉकेट घेऊन तपासणीच्या टेबलाशी येतो. तिथला सुरक्षा अधिकारी पंख बोटांत धरून हलवतो, नाकाडे फार घट्ट किंवा फार सैल नाही ना ते ओढून पाहतो, मोटर जाग्यावर घट्ट बसली आहे का बघतो, पॅराशूट आणि मोटर यांच्यामध्ये न पेटणारा कागद घातला का विचारतो. तो कागद राहिला तर प्लास्टिकच्या पॅराशूटचा एकच गोळा होतो आणि रॉकेट नाक खाली करून सरळ जमिनीत घुसते. वाऱ्याचा वेग ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाणे बंद. दांडी सरळ उभ्यापासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. शरीर कागद, लाकूड, प्लास्टिक यांचेच, धातूचे नाही. मग आकाश मोकळे आहे का पाहून मोठ्याने पाचपासून उलटे आकडे म्हटले जातात. दांडी जेमतेम ९० सेंटिमीटरची. तेवढ्या अंतरात रॉकेटला इतका वेग यावा लागतो, की पुढे पंखांनी हवा पकडावी. डोळ्याला दिसते ते एवढेच, की दांडीवर रॉकेट होते आणि आता नाही. पॅराशूट न उघडता काही खाली येताना दिसले, तर मैदानभर एकच आरोळी उठते आणि हातातले काम टाकून सगळे वर पाहतात.

पहिला आक्षेप इथेच येतो. मोटर दुकानातून आणायची, सांगाडा खोक्यातून काढून डिंकाने चिकटवायचा, मग यात मुलाने केले काय? आक्षेप गंभीर आहे, कारण छंदाची बढाई विज्ञान शिकवण्याची आहे. पण दारू कालवण्यात रसायनशास्त्र फार थोडे आणि नशीब फार असते. मोटर हा ठरलेला आकडा झाला, की बाकीचे प्रश्न खरोखर सोडवता येतात. रॉकेट सरळ का जाते? त्याचा गुरुत्वमध्य, हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे, निदान नळीच्या जाडीएवढा पुढे असला पाहिजे म्हणून. आपल्या बाणाची लांब काडी हेच काम करते, आणि काडी मोडलेला बाण जमिनीवर भिरभिरतो तोही याच कारणाने. दाबाचा हा बिंदू कागदावर काढण्याची समीकरणे नासात काम करणाऱ्या जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये छंदिष्टांपुढे मांडली आणि शाळकरी मुले ती वापरू लागली. उंची मोजायला १०० मीटरवर उभे राहून कोन घ्यायचा. कोन ६० अंश आला तर उंची सुमारे १७३ मीटर. नववी-दहावीतले त्रिकोणमितीचे कोष्टक इथे पहिल्यांदा कामाला येते. पॅराशूट मोठे घ्यावे की लहान, यातही हिशेब आहे. रॉकेट २०० मीटरवरून सेकंदाला ४ मीटर वेगाने उतरले तर ५० सेकंद हवेत राहते, आणि वारा सेकंदाला ५ मीटर असला तर तेवढ्यात २५० मीटर वाहून जाते, शेजारच्या रानात किंवा झाडावर. म्हणून अनुभवी मुले पॅराशूटला मध्ये भोक पाडतात. अमेरिकेत २००३ पासून शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते, तिच्यात कच्चे अंडे न फोडता ठरलेल्या उंचीपर्यंत नेऊन ठरलेल्या वेळात खाली आणायचे असते. सर्वांत उंच जाणारा तिथे जिंकत नाही. ठरल्यापासून सर्वांत कमी चुकलेला जिंकतो. सांगाडा खोक्यातून आला म्हणून हे काम सोपे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा वाटतो: मोठे रॉकेटवाले असल्या नियमांत घडलेच नाहीत. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवूड या खाणगावात होमर हिकम आणि त्याच्या मित्रांनी जस्त-गंधक वापरूनच रॉकेटे उडवली, १९६० मध्ये राष्ट्रीय विज्ञान मेळ्यात पदक मिळवले, आणि हिकम पुढे नासात अभियंता झाले. कॅलिफोर्नियात फ्रँक मलिना, जॅक पार्सन्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९३६ मध्ये ओढ्याच्या कोरड्या पात्रात केलेल्या धोकादायक प्रयोगांतून जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. हे सगळे खरे आहे. पण ही यादी अपघातांतून वाचलेल्यांची आहे. त्यांतलेही पार्सन्स पुढे १९५२ मध्ये घरातल्या प्रयोगशाळेतल्या स्फोटात गेले. जर्मनीत रॉकेटवर प्रयोग करणारे माक्स फालियर १९३० मध्ये मोटर फुटून गेले. ही मोठी, जाणती माणसे होती. अंगणात नळी ठासणाऱ्या ज्या मुलांचे डोळे गेले त्यांची नावे इतिहासात नाहीत, आणि त्यांच्यातले कोण पुढे काय झाले असते हे कधीच कळणार नाही. हिकमच्या गोष्टीतही लक्षात राहावे ते निराळेच आहे. पहिल्या फजितीनंतर त्या मुलांनी गावापासून दूर, खाणीच्या टाकाऊ मालाच्या ओसाड जागेत उड्डाणतळ केला आणि आडोशाला खोली बांधली. अंतर, आडोसा, नोंदी यांचा शोध त्यांना स्वतःला लावावा लागला. क्लब तो शोध पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती ठेवतो.

तिसरा प्रश्न धोक्याचा. मोटरी फुटतात का? फुटतात. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेली मोटर पुन्हा थंड झाली, की ठासलेली दारू नळीच्या कडेपासून सुटू शकते. मग आग एकदम सगळीकडे पसरते आणि दांडीवरच स्फोट होतो. छंदिष्ट त्याला ‘कॅटो’ म्हणतात. पण तो होतो तेव्हा जवळचा माणूस पाच मीटरवर असतो आणि उडतो तो कागद. नियम अपघात होणारच नाही असे गृहीत धरत नाहीत. अपघात झाला तर तो कुणाच्या अंगावर होऊ नये एवढी तजवीज करतात. कोट्यवधी मोटरी या पद्धतीने उडाल्या आहेत. हा शिस्तीचा हिशेब कोर्टातही कामी आला. मोठ्या रॉकेटांत वापरले जाणारे अमोनियम परक्लोरेटचे मिश्रण अमेरिकेच्या केंद्रीय खात्याने स्फोटकांच्या यादीत घातले होते. त्याविरुद्ध दोन छंदिष्ट संघटनांनी २००० मध्ये दावा लावला, आणि मार्च २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. ते मिश्रण किती वेगाने जळते हा या खटल्यातला कळीचा मुद्दा होता, आणि तो मोजमापाने मांडण्याची सवय छंदिष्टांना आधीपासून होती.

आता आपल्याकडे. स्फोटकांचा आपला कायदा १८८४ चा आहे आणि त्याखालचे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे. खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी देणाऱ्या ‘इन-स्पेस’ या केंद्रीय संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटची स्पर्धा सुरू केली आणि २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात तिची उड्डाणे झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण सातवीतल्या मुलीने शनिवारी गावाबाहेरच्या माळावर रॉकेट उडवावे, इतका हा छंद आपल्याकडे अजून उतरलेला नाही. दाट वस्ती, गवताला लागणारी आग, विमानांचे मार्ग, महाग मोटरी, हे अडथळे खोटे नाहीत. ज्या देशात दिवाळीच्या चार दिवसांत लाखो मुले हातभर अंतरावरून दारू पेटवतात, तिथे पाच मीटरवरून पेटवणे मात्र अवघड व्हावे, हे मला पटत नाही. मोटर मिळायला वेळ लागेल; तिच्या आधी आणता येईल अशी एक गोष्ट आहे, आणि तिला परवाना लागत नाही.

ती म्हणजे फुसक्या बाणाशी वागण्याची रीत. आपल्याकडे वात विझल्यासारखी दिसली, की सगळ्यांत धीट मुलगा वाकून बघायला जातो आणि आत धुमसणारी दारू नेमकी तेव्हा पेटते. उड्डाणाच्या मैदानावर बटन दाबूनही रॉकेट जागचे हलले नाही, तर मुलगी आधी किल्ली काढून हातात घेते. मग साठ सेकंद कुणीही पुढे जात नाही. मागे रांगेत चार जण रॉकेट घेऊन उभे असतात, त्यांच्यापैकी कुणी घाई करत नाही. मिनिट भरले की ती किल्ली मुठीत धरूनच दांडीपाशी जाते. बहुतेक वेळा पेटवणारी बारीक तार मोटरीच्या तोंडातून घसरलेली असते. ती नवी तार घालते, छोटे प्लास्टिकचे बूच दाबून बसवते, लांब तारेचे दोन चिमटे एकमेकांना लागत नाहीत ना हे पाहते आणि परत रेषेमागे येऊन किल्ली लावते.