ओझे वाहण्यापलीकडे : पेव्ह लो

अवजड हेलिकॉप्टरची थोरवी सांगताना ते किती वजन उचलते, हे सहसा आधी सांगितले जाते. अमेरिकी हवाई दलाच्या एमएच-53 पेव्ह लोचे आकडे दिपवणारेच आहेत : सुमारे 22 मीटर व्यासाचा पंखा, प्रत्येकी चार हजारांहून अधिक अश्वशक्तीची दोन इंजिने, 20 टनांपलीकडे जाणारे उड्डाणाचे वजन. पण सिकोर्स्कीच्या याच घराण्यातली हेलिकॉप्टरे 1980मध्ये एका मोहिमेत तोंडघशी पडली आणि 1991मध्ये दुसऱ्या मोहिमेत युद्धाची वाट मोकळी करून आली. विशेष मोहिमांच्या हेलिकॉप्टरची खरी पारख त्यामुळे वजनावर होत नाही. काळोखात, जमिनीलगत उडत ते ठरल्या जागी ठरल्या मिनिटाला पोचते का, हा तिचा निकष आहे.

एप्रिल 1980मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांना सोडवण्यासाठी ‘निमिट्झ’ या विमानवाहू जहाजावरून आठ आरएच-53डी हेलिकॉप्टरे निघाली. ती मुळात समुद्री सुरुंग काढण्यासाठी बनलेली होती. इराणच्या वाळवंटात हवेत तरंगणाऱ्या धुळीचे प्रचंड लोट आडवे आले. एकाला पात्यातल्या बिघाडाच्या इशाऱ्यामुळे वाटेतच सोडून द्यावे लागले, दुसरे धुळीतून मागे फिरले, तिसऱ्याची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. किमान सहा हवी होती, उरली पाच. मोहीम रद्द झाली आणि परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर उभ्या मालवाहू विमानावर आदळून आठ जण मरण पावले. ओझे वाहण्याची क्षमता या आठही हेलिकॉप्टरांत भरपूर होती, आणि ती उपयोगी पडली नाही.

पेव्ह लोची जडणघडण त्याआधीच नेमकी काळोखात वाट काढण्याच्या या उणिवेभोवती सुरू झाली होती. व्हिएतनाम युद्धात पाडलेल्या वैमानिकांना उचलून आणणाऱ्या एचएच-53 हेलिकॉप्टरांवर पुढचे चढउतार टिपणारे रडार, उष्णतेवरून चित्र दाखवणारा कॅमेरा आणि अचूक दिशादर्शन यंत्रणा बसवण्यात आली. इराणमधल्या अपयशानंतर काही आठवड्यांतच ही हेलिकॉप्टरे बचावकार्यातून काढून विशेष मोहिमांकडे सोपवली गेली. 17 जानेवारी 1991च्या पहाटे, आखाती युद्धाच्या प्रारंभी, चार पेव्ह लो लष्कराच्या अपाची हेलिकॉप्टरांना वाट दाखवत इराकच्या पश्चिम भागात शिरली. खाणाखुणा नसलेल्या वाळवंटात अपाचींचे दिशादर्शन पुरेसे अचूक नव्हते. पेव्ह लोवर जीपीएस होते. ठरल्या ठिकाणी पेव्ह लोमधून चमकणाऱ्या कांड्या खाली टाकल्या गेल्या आणि अपाचींनी त्यावरून आपली जागा पक्की केली. थोड्याच वेळात इराकची दोन पूर्वसूचना रडार ठाणी नष्ट झाली आणि बाँबफेकी विमानांना वाट मिळाली.

यावर पहिला आक्षेप असा, की इराणमधले अपयश यंत्राचे नसून संघटनेचे होते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. वेगवेगळ्या सेनादलांतून ऐनवेळी जुळवलेले पथक आणि अति गुप्ततेमुळे अपुरा राहिलेला एकत्र सराव यांवर नंतरच्या चौकशीत बोट ठेवले गेले. पण त्यातून हेच दिसते, की रडार आणि ते वाचणारी माणसे वेगळी काढता येत नाहीत. पेव्ह लोचा सहा जणांचा चमू वर्षानुवर्षे याच कामाचा सराव करत राहिला. दुसरा आक्षेप : मग अवजड हेलिकॉप्टर हवेच कशाला? 2011मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादला ओसामा बिन लादेनच्या घरावर चढाई करणारी हेलिकॉप्टरे तर लहान ब्लॅक हॉक होती. मात्र त्यातले एक आवारात कोसळले, तेव्हा मागे राखून ठेवलेल्या अवजड चिनूक हेलिकॉप्टरमुळेच माणसे बाहेर पडू शकली. इंधन, चिलखत, राखीव कुमक आणि ही सारी उपकरणे पेलायला दणकट अंग लागतेच. तिसरा आक्षेप जीपीएसचा. ते आता सर्वांकडे असले, तरी आपण कुठे आहोत एवढेच ते सांगते. समोर उभा राहिलेला डोंगर ते पाहत नाही, आणि त्याचा संकेत शत्रू जॅमही करू शकतो.

सप्टेंबर 2008मध्ये इराकमधल्या शेवटच्या मोहिमेनंतर पेव्ह लो निवृत्त झाले आणि तिरपे होणाऱ्या पंख्यांचे, कितीतरी वेगवान ऑस्प्रे त्याच्या जागी आले. अमेरिकी मरीन दलही ऑस्प्रे वापरते. मात्र हवाई दलाच्या विशेष मोहिमांसाठीच्या ऑस्प्रेवर चढउतार टिपणारे रडार बसवलेले आहे, मरीन दलाच्या ऑस्प्रेवर ते नाही. हवाई दलाने इंजिन, पंखे, वेग आणि आकार सगळे बदलू दिले, पण हे एक रडार नव्या विमानातही मागून घेतले.