दहा म्हणजे दहा काय?

ब्राउझरमध्यें एखादें पान उघडावें, नांव व परवलीचा शब्द भरावा, कळ दाबावी आणि योग्य उत्तर आलें कीं नाहीं हें पाहावें, असें काम माणसानें शंभर वेळां करणें मोठें कंटाळवाणें आहे. म्हणून तें यंत्राकडूनच करवून घेण्याची युक्ति निघाली. अमेरिकेंत शिकागो येथें जेसन हगिन्स ह्यांनीं २००४ सालीं सेलेनियम नांवाचें साधन ह्याकरितां तयार केलें. पुढें सायमन स्टुअर्ट ह्यांचें वेबड्रायव्हर त्यास येऊन मिळालें, आणि २०११ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून दोहोंचा संसार एक झाला. जावा भाषेंत अशा चाचण्या लिहूं लागलेल्या विद्यार्थ्यांची एक कागाळी नेहमींची आहे : जुन्या पुस्तकांतून अक्षरशः उतरून घेतलेला धडा कंपायलर नाकारतो. पुस्तक खोटें कीं यंत्र वेडें?

उत्तरासाठीं आधीं ‘स्पष्ट प्रतीक्षा’ म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. पानाचे सारे भाग एकदम येत नाहींत. कळ कधीं अर्ध्या सेकंदांत दिसते, कधीं चार सेकंदांनीं. प्रोग्राम मात्र उतावळा. कळ येण्यापूर्वींच तो ती दाबूं पाहतो आणि चाचणी फसते. ह्यावर पांच सेकंद डोळे मिटून बसणें हा एक उपाय. पण कळ लौकर आली तर वेळ फुकट जातो, आणि सहाव्या सेकंदास आली तर पुन्हां फजिती. चुलीवरचा भात घड्याळाकडे पाहून कोणी उतरवीत नाहीं; मधून मधून झांकण काढून शीत दाबून पाहतात. वेबड्रायव्हरवेट हेंच करतो. सांगितलेली अट पुरी झाली कीं नाहीं हें तो साधारणतः दर अर्ध्या सेकंदास तपासतो, पुरी होतांच पुढें जातो, आणि ठरलेली कमाल मुदत संपली तर तक्रार करून थांबतो.

आतां मूळ तंट्याकडे वळूं. (येथें नांवें देवनागरींत दिलीं आहेत, प्रोग्राममध्यें तीं रोमन लिपींतच लिहावयाचीं.) तिसऱ्या आवृत्तीपर्यंत वेबड्रायव्हरवेटच्या कंसांत ‘ड्रायव्हर, १०’ एवढें लिहिलें कीं भागत असे, आणि दहा म्हणजे दहा सेकंद असें समजलें जाई. परंतु त्याच कंसांत ‘ड्रायव्हर, १०, ५००’ असेंही लिहितां येई, आणि तेथें पहिला आंकडा सेकंदांचा तर दुसरा मिलिसेकंदांचा! एका कंसांत शेजारीं शेजारीं दोन निरनिराळीं मापें, आणि त्यांवर खूण कसलीच नाहीं. वाण्यास नुसतें ‘दहा द्या’ म्हटलें तर तो ‘दहा काय?’ असें विचारतो. येथें विचारणारें कोणी नव्हतें. २०२१ सालीं सेलेनियमची चौथी आवृत्ति आली. तिच्यांत नुसत्या आंकड्याच्या जागीं ‘ड्युरेशन’, म्हणजे मापासहित कालावधि, द्यावा लागतो. पूर्णांकाचें ड्युरेशन होऊं शकत नाहीं, अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येतो तो ह्यामुळेंच. पुस्तक त्याच्या काळीं खरें होतें. नियम मागाहून बदलला.

दुरुस्ती लहानशी आहे. १० च्या जागीं ‘ड्युरेशन.ऑफसेकंड्स(१०)’ लिहावें, आणि फाइलच्या आरंभीं ‘जावा.टाइम.ड्युरेशन’ आयात करावें. येथें एक खांचखळगा आहे. ड्युरेशन ह्या नांवाचे वर्ग जावांत एकाहून अधिक आहेत, आणि संपादक-प्रोग्राम पुष्कळदां त्यांची यादीच पुढें ठेवतो. घाईनें ‘जावाएक्स.एक्सएमएल’ कुळांतला ड्युरेशन निवडला, तर ऑफसेकंड्स हें चिन्ह सांपडत नाहीं अशी नवीच ओरड सुरू होते. नांव एक, कूळ वेगळें.

दुसरी चूक अटीच्या उत्तरासंबंधीं. ‘कळ दाबण्याजोगी होईपर्यंत’ ही अट पुरी झाली कीं ती कळच हातीं येते, म्हणून तें उत्तर वेबएलिमेंट प्रकारच्या चलांत ठेवतां येतें. ‘अमुक भाग दिसेनासा होईपर्यंत’ ह्या अटीचें उत्तर मात्र केवळ होय किंवा नाहीं असें असतें. तें वेबएलिमेंटमध्यें भरूं गेल्यास कंपायलर अडवतो, व तें योग्यच आहे. नाहींशी झालेली वस्तु हातांत कशी येणार? तिसऱ्या आवृत्तीच्या काळांतील प्रोग्रामांत ‘अन्टिल’ ह्या शब्दाखालीं तांबडी रेघ दिसली, तर बहुधा ग्वाव्हा ह्या सहाय्यक संग्रहाची जुनी प्रत मध्यें शिरलेली असते. एकमेकींशीं जुळणाऱ्या आवृत्त्या घेतल्या म्हणजे झालें.

ह्या आक्षेपांना कंटाळून कित्येक जण प्रतीक्षेची ओळच पुसतात आणि तेथें ‘थ्रेड.स्लीप’ लिहून मोकळे होतात. कंपायलर गप्प बसतो खरा, पण चाचणीची अब्रू जाते : आज पास, उद्यां नापास, परवां पुन्हां पास. अशा चाचणीनें प्रवेशअर्जाच्या पानांतला खरा दोष दाखविला तरी ‘तिची खोडच आहे’ म्हणून कोणी लक्ष देत नाहीं, आणि दोष अर्ज भरणाऱ्या पालकांच्या वांट्यास येतो.

कंपायलरची चौकशी प्रकारापुरतीच असते, हेंही विसरूं नये. ऑफसेकंड्सच्या जागीं ‘ऑफमिलिस(१०)’ लिहिलें तरी तो हूं कीं चूं करीत नाहीं. परंतु ती मुदत सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याची झाली. तेवढ्यांत कळ कोठून येणार? जुन्या धड्यांतील आंकडे बदलतांना मूळ आंकडा सेकंदांचा होता कीं मिलिसेकंदांचा, हें प्रत्येक ठिकाणीं स्वतः पाहावें. वर सांगितलेला ५०० चा आंकडा ऑफसेकंड्समध्यें घातला, तर दोन तपासण्यांमध्यें आठ मिनिटांहून अधिक काळ जाईल.