तालुक्याच्या हायस्कुलातील विद्यार्थ्यांचा कारभार

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावचे हायस्कूल हे आसपासच्या खेड्यांतील मुलामुलींना घर आणि भावकी यांच्यापलीकडील समाजाची पहिली ओळख करून देणारे ठिकाण होते, आणि ही ओळख वर्गातील शिकवण्यातून जितकी झाली तितकीच वसतिगृह, हस्तलिखित, स्नेहसंमेलन, हादगा, शिक्षकदिन अशा प्रथांमधूनही झाली. अभ्यासाला जोड म्हणून दिलेली करमणूक, एवढ्याच दृष्टीने या प्रथांकडे सामान्यतः पाहिले जाते. त्यांची घडण बारकाईने तपासली, तर मात्र विद्यार्थ्यांच्या हाती काही खरेखुरे काम, त्याच्या हिशेबासह आणि त्यातील चुकांसह, सोपवण्याचा विचार त्यांच्या मुळाशी आढळतो.

या विचाराचे सर्वांत ठाशीव रूप साताऱ्यात दिसते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे कार्यालय साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातींची मुले या वसतिगृहात एकाच स्वयंपाकघरात शिजलेले अन्न एका पंक्तीत बसून खात. दळण, पाणी, स्वयंपाक आणि झाडलोट ही कामे पाळीपाळीने मुलांकडेच असल्यामुळे, ज्याच्या हातचे पाणी घरी चालत नसे त्याच्याच हातची भाकरी रोज खाण्याची वेळ प्रत्येकावर येई. अस्पृश्यता पाळू नये असा उपदेश करणाऱ्या शाळा त्या काळी इतरही होत्या. येथे मात्र उपदेशाची गरजच पडू नये अशी दिनचर्या आखलेली होती. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, आणि आसपासच्या गावांतून घराघरांतील मूठभर धान्य गोळा करण्याची पद्धतही याच गरजेतून रूढ झाली. १९४० साली साताऱ्यातच महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना, म्हणजे शेती, खोदकाम, बांधकाम अशा श्रमांतून विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाचा खर्च स्वतः भागवण्याची व्यवस्था, माध्यमिक शिक्षणाशी कायमची जोडली गेली. फी भरण्याची ऐपत नसलेला मुलगा या व्यवस्थेत कोणाचा आश्रित ठरत नसे, आणि तिचे खरे महत्त्व येथेच आहे. रयतच्या शाळांमध्ये २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीची मिरवणूक लेझीम आणि चित्ररथांसह आजही निघते.

खानदेशातील अमळनेरची परंपरा वेगळ्या वळणाची आहे. तेथील प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि शाळेच्या छात्रालयाची, म्हणजे वसतिगृहाची, जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, कपडे धुणे ही कामे ते न बोलता स्वतः करीत. परिणामी मुले ओशाळून ती आपण होऊन करू लागत. याच छात्रालयात त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले आणि पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. दैनिकाचा मजकूर गुरुजी स्वतः लिहीत, त्यामुळे त्याला मुलांचे संपादन म्हणता येणार नाही. तथापि वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचे जगणे हा लिहिण्याचा आणि वाचण्याचा विषय होऊ शकतो, हे या दैनिकाने दाखवून दिले.

गावोगावच्या हायस्कुलांत रूढ झालेले वार्षिक हस्तलिखित मात्र विद्यार्थ्यांचेच असे. हस्तलिखित म्हणजे हाताने लिहून, चित्रे काढून, पुठ्ठ्यात बांधलेला अंक. त्याची प्रत एकच निघत असल्यामुळे चूक सुधारण्याची सोय जवळजवळ नसे, आणि पान बिघडले की ते मुळापासून पुन्हा लिहावे लागे. वर्गात ज्याचे अक्षर सुवाच्य त्याच्याकडे लेखन, ज्याचा हात चित्रकलेत चांगला त्याच्याकडे मुखपृष्ठ आणि शीर्षकांची नक्षी, ज्याला कविता जुळवता येई त्याच्याकडे रिकाम्या जागांची भर, अशी कामाची वाटणी होई. गणितात मागे पडलेल्या मुलाला शाळेत मान मिळण्याची जी थोडी ठिकाणे होती, त्यांत हस्तलिखिताची गणना अवश्य करावी लागेल. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात हा अंक मेजावर मांडला जाई आणि त्यानंतर तो ग्रंथालयाच्या कपाटात जाई.

मुलींच्या बाबतीत हा अवकाश बराच अरुंद होता आणि म्हणूनच आश्विनातील खेळांचे स्थान मोठे होते. सातारा-कोल्हापूरकडे हादगा, पुण्याकडे भोंडला आणि खानदेश-विदर्भाकडे भुलाबाई या नावांनी ओळखले जाणारे हे खेळ घरच्या अंगणातून शाळेच्या पटांगणात आले. हादगा-भोंडल्यात पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली त्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत, म्हणजे प्रसादाचा खाऊ, ओळखण्याचा खेळ होतो; डबा हलवून येणाऱ्या आवाजावरून आत चिवडा आहे की वड्या, याचा अंदाज बांधला जातो. गाण्यांतून सासरच्या जाचाविषयी मोठ्याने आणि एकत्र बोलण्याची मुभा मिळे, ती त्या वयाच्या मुलींना अन्यत्र क्वचितच होती.

रोजच्या परिपाठातील प्रतिज्ञा ही या तुलनेत वरून आलेली गोष्ट आहे. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ साली तेलुगूत लिहिली आणि १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. त्याच १९६२ सालापासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन म्हणून पाळला जातो, आणि त्याला शाळांनी दिलेले रूप अधिक लक्षणीय आहे: त्या दिवशी दहावीचे विद्यार्थी मुख्याध्यापकापासून शिपायापर्यंतची सर्व कामे वाटून घेतात, तासांचे वेळापत्रक लावतात आणि खालच्या वर्गांना शिकवतात.

स्नेहसंमेलनात मात्र मोठा पालट झालेला दिसतो. पूर्वी नाटक बसवणे, पडदे आणणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे आणि शेलापागोटे, म्हणजे शिक्षकांना व सोबत्यांना उद्देशून लिहिलेल्या निनावी चिठ्ठ्या, निवडणे हे विद्यार्थी प्रतिनिधींचे काम असे. कोणती चिठ्ठी वाचायची आणि कोणती मन दुखावेल म्हणून बाजूला ठेवायची, याचा विवेक त्यांना स्वतः करावा लागे. अलीकडे अनेक ठिकाणी नृत्ये बसवायला बाहेरचा माणूस येतो, पोशाख भाड्याने येतात, आणि चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणावर मुले शिकवलेल्या हालचाली करून दाखवतात. कार्यक्रम देखणा होतो यात शंका नाही; पण मुलांनी करायचे काम त्यात फारसे उरत नाही, ही हानी गंभीर आहे.

या साऱ्या कारभाराचा लेखी पुरावा प्रामुख्याने हस्तलिखितांतच आहे, आणि एकच प्रत असल्यामुळे वाळवी लागली किंवा इमारत बदलताना गठ्ठा हरवला की तो कायमचा जातो. ज्या शाळा सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी साजरी करतात, त्यांनी स्मरणिकेच्या छपाईआधी जुने अंक बाहेर काढून त्यांची वर्षवार यादी करावी, पानांची छायाचित्रे घ्यावीत आणि हे काम आजच्या नववीच्या मुलांकडे द्यावे. अक्षर लावून वाचणे, नावे जुळवणे आणि गावातील माजी विद्यार्थ्यांना विचारून माहिती पक्की करणे त्यांना उत्तम जमण्यासारखे आहे.