शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गृहिणी सगळें पातेलें उपसून पाहत नाहीं. दोन शितें चिमटींत दाबून ती निर्णय देते. माणसांचीं मतें, आवडीनिवडी व प्रवृत्ति यांचा शोध घेणारे मानसशास्त्रज्ञहि हीच युक्ति योजितात. लक्षावधि लोकांस प्रश्न विचारणें अशक्यप्राय. म्हणून थोडे निवडावे, त्यांस विचारावें व त्यावरून सर्वांविषयीं अनुमान बांधावें. या निवडलेल्या थोड्यांस 'नमुना' म्हणतात. परंतु एका पातेल्यांतील शितें एकाच आंचेवर शिजतात. माणसें तशीं नसतात. म्हणून कोणतें शीत उचलावें, हाच या शास्त्रांतील खरा प्रश्न होय.

याविषयीं अमेरिकेंतील एक उदाहरण आम्ही येथें देतों. इ. स. १९३६ मध्यें तेथील अध्यक्षपदासाठीं रूझवेल्ट व लँडन यांची लढत होती. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें सुमारें १ कोटि लोकांस मतपत्रिका धाडल्या. त्यांपैकीं २३ लाखांवर परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार, असें भाकित केलें गेलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांस शेंकडा सुमारें ६१ मतें मिळून ४८ पैकीं ४६ संस्थानांत ते विजयी झाले. उलट, जॉर्ज गॅलप यांनीं त्याहून पुष्कळच थोड्या लोकांस विचारून रूझवेल्टच निवडून येणार हें अचूक सांगितलें होतें.

एवढा मोठा आंकडा फसला कसा? साप्ताहिकानें नांवें घेतलीं तीं बहुतांशीं टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून. तो काळ मंदीचा. गरिबाच्या घरीं ना टेलिफोन, ना मोटार. शिवाय चौघांपैकीं तिघांनीं उत्तरच धाडलें नाहीं. आणि जे गप्प राहिले त्यांचें मत बोलणाऱ्यांसारखेंच असेल, असें मानण्यास आधार नव्हता.

पुढें १९४८ मध्यें खुद्द गॅलप यांचेंहि भाकित चुकलें. ट्रूमन पराभूत होतील असें त्यांनीं म्हटलें, व ट्रूमन निवडून आले. इतक्या स्त्रिया, इतके मजूर, असा वांटा ठरवून दिलेला असे. पण नेमकें कोणास विचारावें हें विचारणाऱ्याच्या मर्जीवर असे, आणि तो साहजिकच सोयीच्या माणसाकडे जाई. अपयशाच्या कारणांत हेंहि एक गणलें गेलें. म्हणून निवड मर्जीवर न सोडतां चिठ्ठ्या टाकून करावी, म्हणजे प्रत्येकास निवडलें जाण्याची निश्चित संधि राहते, हें तत्त्व दृढ झालें. अशा रीतीनें निवडलेल्या सुमारें एक हजार जणांवरून काढलेला अंदाज बहुधा शेंकडा तीनांहून अधिक चुकत नाहीं. मग लोकसंख्या एका शहराची असो वा देशाची. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ मध्यें जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं हेंच तत्त्व आपल्या देशांतील पिकांच्या अंदाजास लावून कीर्ति मिळविली.

निवड निर्दोष असली तरी प्रश्नाची भाषा घात करूं शकते. १९४१ मध्यें अमेरिकेंत 'लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणें करूं द्यावींत काय?' असें विचारतां शेंकडा ६२ लोक 'नको' म्हणाले. पण 'अशा भाषणांस मनाई करावी काय?' असें विचारतां 'होय' म्हणणारे शेंकडा ४६ च निघाले. अर्थ जवळजवळ एकच, परंतु 'मनाई' हा कठोर शब्द उच्चारण्यास मन कचरतें.

विद्यार्थिमित्रहो, 'शेंकडा इतक्या लोकांचें मत असें आहे' हें वाक्य वर्तमानपत्रांत पुष्कळदां आढळतें. तें वाचतांना किती जणांस विचारलें एवढेंच पाहून थांबूं नये. कोणास विचारलें, त्यांस कोणीं व कसें निवडलें, किती गप्प राहिले, आणि प्रश्नाचे शब्द काय होते, हेंहि पाहावें. वर्गाचें मत घेतांनाहि पहिल्या बांकावरील चौघांस विचारून भागत नाहीं. ज्याच्या दारीं कोणी गेलेंच नाहीं त्याचेंहि कांहीं म्हणणें असतें. तें ऐकण्याची व्यवस्था करणें हा या शास्त्राचा हेतु, आणि आमच्या मतें न्यायबुद्धीचाहि.