टॅब्लेटची भूक आणि टॅब्लेटची झोप

मकरपुऱ्याचा राजवाडा खंडेरावमहाराज गायकवाड यांनी १८७० च्या सुमारास बांधला, तो उन्हाळ्यातील निवासासाठी. पुढे सयाजीरावमहाराजांनी त्याचा विस्तार केला आणि आज ती वास्तू वायुदलाच्या ताब्यात आहे. त्या राजवाड्याच्या आसमंतात आता औद्योगिक वसाहत उभी आहे, सोसायट्या आहेत आणि त्यांत आपली अनेक मराठी कुटुंबे नांदत आहेत. उन्हाळा मात्र तोच आहे. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर सहज जातो. या उन्हाची झळ माणसांना बसते तशीच घरातील एका वस्तूलाही बसते, पण तिची विचारपूस कोणी करीत नाही. ती वस्तू म्हणजे टॅब्लेट. औषधाची गोळी नव्हे, मुलाने घेऊन दिलेली काचेची पाटी.

पुण्याला किंवा परदेशी असलेल्या मुलांचे आणि नातवंडांचे दर्शन ज्या घरांत या पाटीवरच घडते, तेथे तिचे बंद पडणे ही किरकोळ गोष्ट नसते. दीड-दोन वर्षांत ‘चार्जिंग टिकत नाही’, ‘रात्री भरून ठेवला तरी सकाळी निम्मा रिकामा’ अशा तक्रारी सुरू होतात आणि टॅब्लेट कपाटात जातो. बरेचदा त्यात बिघाड असा काही नसतो; सवय चुकलेली असते.

सवय चुकते तिलाही कारण आहे. आपल्या पिढीने बॅटरी ओळखली ती मोटारीची आणि पुढे इन्व्हर्टरची. ती शिसे व आम्ल यांची. तिला रिकामे ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य घटविणे. ती सदैव भरलेली असावी, हा धडा योग्यच होता. त्यानंतर निकेल-कॅडमियमचे घट आले. त्यांच्याबाबत ‘पूर्ण उतरवून मगच भरा’ असे सांगितले जाई. टॅब्लेटमधील बॅटरी या दोहोंहून निराळी, लिथियम-आयन जातीची आहे. ती १९९१ साली बाजारात आली आणि तिच्या घडणीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला काठोकाठ भरलेलेही सोसत नाही आणि तळ गाठलेलाही सोसत नाही. सर्वांत वाईट म्हणजे भरलेली आणि तापलेली, या दोन्ही अवस्था एकदम.

या बाबतीत सर्वसाधारणपणे दिले जाणारे आकडे बोलके आहेत. अशी बॅटरी पूर्ण भरून वर्षभर २५ अंश तपमानात नुसती ठेवली, तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० टक्के भरून ठेवली तर ९६ टक्के. तपमान ४० अंश असेल तर हेच आकडे अनुक्रमे ६५ आणि ८५ वर येतात. आणि ४० अंश म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्यातील एक सामान्य दुपार! जाड कव्हर घालून, उशीखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत रात्रंदिवस चार्जरला लावलेला टॅब्लेट थकतो तो असा.

तेव्हा वीस टक्क्यांच्या आसपास आला की लावावा आणि ऐंशीच्या सुमारास काढावा. काही टॅब्लेटमध्ये ऐंशी किंवा पंच्याऐंशीवर आपोआप थांबण्याची सोय सेटिंगमध्येच असते; ती असल्यास चालू करून मोकळे व्हावे. परगावी निघताना शंभर टक्के भरला तर काही आकाश कोसळत नाही. तसा तो रोज तासन्‌तास राहू नये, इतकेच. चार्जरही पाहावा. ७००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जुन्या फोनच्या एक अँपिअरच्या चार्जरवर भरण्यास सात तासांहून अधिक वेळ घेते, आणि त्याच वेळी कोणी कीर्तन किंवा क्रिकेट पाहत बसले तर आकडा जागचा हलतही नाही. दोन अँपिअरच्या चार्जरने हाच वेळ निम्म्यावर येतो.

आता झोपेविषयी. पडदा काळा झाला म्हणजे टॅब्लेट झोपला, ही आपली समजूत. वस्तुतः त्याची झोप सशाची असते. स्मृती जागती ठेवण्यास थोडी वीज लागतेच. शिवाय वाय-फाय चालू असते आणि सोसायटीच्या गटातील प्रत्येक ‘सुप्रभात’ त्याला हलवून उठवितो. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, टॅब्लेट स्थिर पडून असता ही कामे लांबणीवर टाकण्याची योजना आहे. तरी एखादे ॲप उपद्रवी निघतेच. सेटिंगमधील ‘बॅटरी’ या सदरात कोणी किती वीज खाल्ली त्याचा हिशेब असतो. तो पाहून संबंधित ॲपला आवर घालावा. रात्री विमान-मोड लावणे हा सर्वांत सोपा उपाय. चुंबकाचे कव्हर नीट बसत नसेल तर पिशवीतल्या पिशवीत टॅब्लेट उठत-झोपत राहतो, हेही तपासावे.

कधी उलटेही होते. झोपलेला उठतच नाही. बॅटरी तळाला गेली असेल तर अर्धा तास चार्जरला लावून मगच बटण दाबावे. तरीही न उठल्यास तेच बटण वीसेक सेकंद दाबून धरावे. काही टॅब्लेटना त्यासोबत आवाजाचेही बटण दाबावे लागते. मुलांकडे चार-सहा महिने जाणाऱ्यांनी टॅब्लेट निम्मा भरून, पूर्ण बंद करून, थंड कपाटात ठेवावा. रिकामा ठेवून गेलात तर परत आल्यावर तो भरून घेण्यास नकार देण्याचा संभव असतो.

एका लक्षणाकडे मात्र कधीही दुर्लक्ष करू नये. पाठ फुगली किंवा पडदा एका कडेने उचलला गेला, तर आत वायू साठून बॅटरी फुगली आहे असे समजावे. चार्जर तत्काळ काढावा. दाबू नये, टोचू नये, स्वतः उघडू नये, कारण तीतून आग लागू शकते. ती कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. बॅटरी-कचऱ्यासंबंधीच्या २०२२ च्या केंद्रीय नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा असा टॅब्लेट कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा, आणि नेईपर्यंत अंथरूण-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवावा.