स्वस्त औषधाची साठ वर्षं

उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी डॉक्टर दांपत्याने रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडवरचा निबंध प्रसिद्ध केला तो १९६२ साली. महायुद्धानंतरच्या ओढगस्तीत उताकोबाईंनी संशोधनाला रक्तच निवडलं, कारण कमी पडलं तर स्वतःचं काढता येई! पाळणाघर नव्हतं, म्हणून लेकीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत उभ्या राहात. परिषदेत बोलायला उठल्या, तर बाई आता नाचून दाखवणार का, अशी पुरुषमंडळींनी टिंगल केली.

औषधाचं काम साधं आहे. जखमेत धरलेली गुठळी प्लाझ्मिन हे रक्तातलं विकर विरघळवतं. त्यासाठी ते गुठळीतल्या लायसिनला चिकटतं. लायसिनसारखं दिसणारं हे रसायन चिकटण्याची ती जागाच अडवतं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं. बाळंतपणातला रक्तस्राव याने थांबेल अशी उताकोबाईंची खात्री होती. चाचणीसाठी मात्र प्रसूतितज्ज्ञांना त्या राजी करू शकल्या नाहीत.

पुढे भाव आला तो दुसऱ्याच औषधाला. गुरांच्या फुप्फुसांतून काढलेलं अ‍ॅप्रोटिनिन हृदयशस्त्रक्रियेतला रक्तस्राव खूप घटवतं, हे १९८७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दाखवलं. महाग होतं, तरी चाललं. मग कॅनडात २,३३१ रुग्णांवर तीन औषधांची समोरासमोर तुलना झाली, त्यांत ही दोन्ही होती. अ‍ॅप्रोटिनिन घेतलेल्यांत मोठा रक्तस्राव कमी होता, पण तीस दिवसांत दगावले सहा टक्के. ट्रॅनेक्सॅमिकच्या गटात ३.९. रक्त थांबलं म्हणजे रुग्ण वाचला, हे आपण किती सहज धरून चालतो! २००७ मध्ये चाचणी अर्ध्यात थांबली, अ‍ॅप्रोटिनिनची विक्रीही थांबवली गेली. युरोपने पाच वर्षांनी स्थगिती उठवण्याची शिफारस केली, पण जुना दिमाख गेला तो गेलाच.

इकडे २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ चाचणीत चाळीस देशांतल्या वीस हजारांवर अपघातग्रस्तांना स्वस्त औषधाचा फायदा दिसला. तिच्यात भारतीय रुग्णालयंही होती. बाळंतिणींवरच्या ‘वूमन’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ वर येतात. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या.

हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रियांत ट्रॅनेक्सॅमिकची मोठी चाचणी यायला २०२२ उजाडलं. गंभीर रक्तस्राव ११.७ वरून ९.१ टक्क्यांवर आला. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढत नाही, हे मात्र तिला निर्विवाद सिद्ध करता आलं नाही.