धामण : ओळखा, मारू नका

पावसाळा सुरू झाला की हैदराबादमध्ये, विशेषतः तलावाकाठच्या आणि मोकळ्या प्लॉटशेजारच्या वसाहतींत, साप निघू लागतात. लांबलचक साप दिसला की 'नाग, नाग' म्हणून काठ्या बाहेर येतात. पुष्कळदा ती बिनविषारी धामण असते. आपले तेलुगू शेजारी तिला 'जेर्रिपोतु' म्हणतात, नागाला 'नागुपामु' किंवा 'त्राचुपामु'. वॉचमन काय सांगतो आहे ते कळण्यासाठी हे शब्द लक्षात ठेवावेत.

ओळख

- पूर्ण वाढलेली धामण साधारण ५ ते ७ फूट, कधी त्याहूनही लांब असते.
- रंग पिवळसर तपकिरी ते काळपट. अंगाच्या मागच्या भागावर व शेपटीवर काळ्या रेषांची जाळी.
- डोळे मोठे, बाहुली गोल. ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेषा.
- डोके मानेपेक्षा रुंद. नागाचे डोके व मान जवळजवळ सारख्याच जाडीची दिसतात.
- धामणीला फणा नसतो. मात्र नागही प्रत्येक वेळी फणा काढत नाही, म्हणून केवळ फण्यावर विसंबू नये.

स्वभाव

धामण दिवसा फिरते, चपळ असते, झाडावर चढते आणि पोहते. उंदीर, बेडूक, सरडे, पक्षी हे तिचे खाद्य. बिळात शिरून उंदीर धरत असल्याने शेतकऱ्याला तिचा मोठा उपयोग होतो. कोंडीत सापडली तर मान फुगवून घुमल्यासारखा आवाज काढते आणि चावतेही. पण तिला विष नसते.

गैरसमज

धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे खरे नाही. सापाला दूध ओढून पिता येत नाही. धामण म्हणजे नागाची मादी, हेही चूक. दोन्ही जाती वेगळ्या असून दोन्हींत नर-मादी असतात. एकमेकांना पीळ घालून उभे राहणारे दोन साप म्हणजे नाग-धामणीची जोडी नव्हे. बहुधा ती दोन नर धामणींची झुंज असते.

साप दिसल्यास

मुलांना दूर न्यावे, सापाला वाट मोकळी ठेवावी आणि लांबूनच लक्ष ठेवावे. आपल्या शहरात 'फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी'चे स्वयंसेवक साप पकडून सुरक्षित जागी सोडतात; त्यांना किंवा वनखात्याला कळवावे. ओळख पटली असे वाटले तरी हात लावू नये. कोणताही साप चावला तर जात ओळखण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

नागपंचमीला आपण नागाची पूजा करतो. दारात आलेल्या धामणीला निदान जिवंत जाऊ द्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही तिला संरक्षण दिले आहे.